तार आली नाही

ठण्ण! कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडली की हा आवाज व्हायचा आणि ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या आमच्या पागेतले घोडे कान टवकारायचे. मी तिथं मोतद्दार होतो. घोड्यांचा खरारा, चंदी-दाणा, पाणी माझ्याकडे. पागेतले किस्से कोठीच्या तळाशी भुसा साचतो तसे साचतात, मुद्दाम कुणी साठवत नाही. माझं शिक्षण मराठी तिसरी. आठवतील तसे सांगतो.

तो रूळ टांगला आमच्या जमादारांनी, दाजीबाकाकांनी. त्यांचा एकुलता मुलगा गणपत रिसाल्याबरोबर समुद्रापलीकडे लढाईवर गेला, त्याची घोडी पागेतच राहिली. दोन महिने पत्र नाही, तेव्हा काका जेवेनासे झाले. वैद्यबुवांनी सांगितलं, रोज सकाळी एक चांगली गोष्ट तोंडानं बोलत जा. एकट्यानं बोलायची काकांना लाज वाटली असावी. त्यांनी अख्खी पागाच कामाला लावली! खराऱ्याआधी रांगेत उभं राहायचं. कालपासून काय चांगलं झालं ते एकेकानं सांगायचं, रुळावर एक ठोका द्यायचा आणि कामाला लागायचं.

काका सगळ्यांत शेवटी. लढाईवरून तार यायची ती माणूस पडल्याचीच, म्हणून त्यांचं रोज एकच.

"तार आली नाही."

ठण्ण.

*

बापूराव म्हणून एक मोतद्दार होता. त्याला जगात काही चांगलं दिसायचंच नाही. पहिल्या दिवशी रांग खोळंबली, घोडे खूर आपटायला लागले, तरी हा गप्प. शेवटी म्हणाला, "काल एक दात पडला. आता तो दुखायचा नाही."

काकांनी ते मान्य केलं. बापूरावानं जिभेनं उरलेले दात चाचपले आणि हिशेब सांगितला, "अजून नऊ आहेत, जमादार. नऊ दिवसांची काळजी मिटली."

*

नाल ठोकणारे रमजानीचाचा. एका अबलख घोड्यानं त्यांना अशी लाथ घातली की बरगडीच मोडली. दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून आणलं. काका म्हणाले, चाचा, आज राहू दे.

चाचांनी दम घेत घेत सांगितलं, "लात दाईं तरफ लगी, जमादारसाहब. दिल बाईं तरफ है."

हातोडी मात्र उचलवेना. ठोका मी दिला. त्या दिवसापासून ठरलं, ज्याला जमत नाही त्याचं दुसऱ्यानं करायचं.

*

एकदा तपासणीला एक मोठे साहेब आले. कोट, चेन, बूट. आमची रांग त्यांना फार आवडली. म्हणाले, मीही सांगतो. हातोडी घेतली. मग नुसते उभे. एकदा रुळाकडे बघतात, एकदा बुटांकडे. घोड्यानं लीद टाकली, ती थंड झाली, साहेब उभेच! शेवटी हातोडी परत देऊन म्हणाले, "उद्या सांगतो."

ते फाटकाबाहेर गेल्यावर बापूराव हळूच म्हणाला, "त्यांच्यापेक्षा आपलं बरं आहे. आपल्याला दात तरी आहेत."

साहेब पुन्हा काही आले नाहीत.

*

माझी मुलगी दीड वर्षाची होती. तापानं गेली. तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो, कारण घरात बसवेना. रांगेत पाळी आली तेव्हा मला समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "सदू, तू नुसता ठोका दे. तुझ्या वाटचं मी सांगतो."

 मग म्हणाले, "पोरीला फार दुखत होतं. ते थांबलं."

मी ठोका दिला. इतकी वर्षं झाली, माझ्या बायकोला मी दुसरं काहीच सांगू शकलो नाही. हेच एक सांगितलं.

*

काका घोड्यांची चंदी आणायला दाल बाजारात गेले होते, तेव्हा पोस्टमन आला आणि तार माझ्या हातात देऊन गेला. इंग्रजी अक्षरं, मला कुठली वाचता येणार? पण ती वाचायची गरज नव्हती. मी ती चंदीच्या कोठीमागे ठेवली. वाटलं, आज ते जेवून घेतील. उद्या देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "तार आली नाही." ठण्ण.

तिसऱ्या दिवशीही म्हणाले. चौथ्या दिवशीही. त्या दिवशी तर त्यांनी मला विचारलं, सदू, तू जेवत नाहीस का रे, चेहरा उतरलाय.

पाचव्या दिवशी त्यांची पाळी यायच्या आधी मी रांगेतून बाहेर आलो आणि तार त्यांच्या हातात दिली. पागेच्या कारकुनानं वाचली. गणपत लढाईत पडला होता. तार कुठल्या दिवशी ग्वाल्हेरला पोचली तेही त्यानं वाचलं. काकांनी बोटांवर मोजलं. तीन सकाळी त्यांचं सांगणं खोटं ठरलं होतं.

मला वाटलं, आता मारतील. मारायला हवं होतं.

त्यांनी हातोडी उचलली आणि रुळापाशी जाऊन उभे राहिले.

"सदू," ते म्हणाले, "माझ्या वाटचं तू सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. चाचा, बापूराव, कारकून. मी गणपतला आठवलं, त्याची घोडी आठवली, वरच्या देवालाही विचारून पाहिलं. मला काही सापडेना. काका हातोडी वर धरून थांबले होते. 

मग त्यांनी हातोडी खाली आणली, माझ्या हातात ठेवली, आणि गणपतच्या घोडीच्या ठाणाकडे चालू लागले.