सनरूफची बुजवलेली भोकं

मी कृषी सहायक आहे. लोहाऱ्याच्या आसपासची गावं माझ्याकडं आहेत, आणि तिथं मी माझ्याच पगारातून घेतलेल्या जुन्या गाडीनं फिरते. तिला सनरूफ आहे, म्हणजे छतात उघडणारी काच. ते मला नको होतं, नवऱ्याला हौस होती.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी दार उघडलं, तर बाजूच्या सीटवर ठेवलेल्या पंचनाम्याच्या कागदांचा लगदा झालेला. त्यावरच्या सह्यांसाठी मी चिखलातून तीन गावं हिंडले होते.

नवरा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "तूच काच उघडी ठेवली असशील."

काच बंद होती. मी दोनदा सांगितलं. तो आंघोळीला निघून गेला.

गॅरेजच्या मिस्त्रीनं माझं अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, "ताई, साहेबांना घिऊन या. त्यांना समजून सांगतो."

"गाडी माझी आहे. मला सांगा."

तो हसला. संध्याकाळी म्हणाला, "पॅक केलंय. आता थेंब यायचा न्हाय."

पुढच्याच पावसात, गाडी चालवताना, छतातल्या दिव्यातून धार थेट माझ्या डोक्यावर आली. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, समोर ट्रक होता. कशीबशी गाडी कडेला घेतली.

रविवारी अंगणात सनरूफ उघडून स्टुलावर चढले. काचेभोवती पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांत भोकं. पन्हळीत उतरलेलं पाणी त्या भोकांतून, आतल्या बारीक नळ्यांनी गाडीखाली जातं. मिस्त्रीनं पुढची दोन्ही भोकं सिलिकॉन भरून बुजवली होती. पाण्याची वाटच बंद केली होती त्यानं, म्हणून ते छतात साचून दिव्यातून आलं.

सिलिकॉन उकरून काढलं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन तार हळूहळू आत सरकवली. काळी माती आणि कुजलेला लिंबाचा पाला निघाला. ऑफिससमोरच्या लिंबाखाली गाडी लावते मी रोज. मग तांब्याभर पाणी ओतलं. ते पुढच्या चाकाजवळून खाली आलं.

दुपारी गॅरेजवर गेले. नवरा सोबत आला. मिस्त्री सरळ त्याच्याकडं वळला, आणि नवरा सांगू लागला, "नळ्या तुंबल्या होत्या. आम्ही साफ केल्या."

"तुम्ही गाडीत बसा," मी म्हणाले. माझा आवाज ऐकून तो खरंच जाऊन बसला.

मिस्त्रीला मी सगळं सांगितलं, डोक्यावर पडलेल्या धारेसकट. तो खाली बघत म्हणाला, "सगळ्यांचं असंच करतो, ताई. कुणी परत आलं न्हाय."

"मी आले ना. आता जेवढ्यांची भोकं बुजवलीत, तेवढ्यांना बोलावून मोकळी करून द्या."

मग त्यानं विचारलं, "तार किती जाड घेतली?"

मी सांगितलं, पण रागातच.

घरी येताना नवरा म्हणाला, "एवढं चिडण्यासारखं काय झालं?"

मी गाडी चालवत राहिले. आता छत गळत नाही. त्याच्याशी मात्र मी चार दिवस बोलले नाही.