होळीला न दिलेले झाड

गुरुवार, १३ मार्च २०२५. होळी. सकाळपासून उकाडा. पुरण वाटले. दुपारच्या एसटीने मुरारी आला.

होळीच्या दिवशी मुरारी वाडी सोडून महाडला आल्याचे मला आठवत नाही. पोलादपूरच्या डोंगरात त्याची वाडी. तिथे होळीच्या झाडावर पहिला घाव घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. झाड सर्वांत सरळ आणि उंच हवे, ते कोणाचे हे विचारायचे नसते.

वाडीखाली आमची जमीन आहे. माझे यजमान रघुवीर निवृत्त झाल्यावर तिथे सुरूची झाडे लावून बसले. कारखान्यांच्या बॉयलरला कोळशाऐवजी लाकूड लागते. ते लवकर वाढावे म्हणून चांगल्या मादीझाडाचा चांगल्या नराशी संकर करायचा, त्या बियांची रोपे वाढवायची, त्यांतून पुन्हा निवडायचे. मुरारी मुंबईतले हॉटेलातले काम सोडून परतला होता, तो राखणीला राहिला. सुरुवातीला हसायचा, "सायेब, जाळायच्या लाकडाचं एवढं बाळंतपण?" पुढे फांद्यांना पिशव्या बांधणे, नराचे पराग आणून त्यांत सोडणे, सगळे तोच करू लागला. रघुवीर गेल्यावर मी दोनदा म्हटले, आता हे बंद करू. तो ऐकून घेतो आणि पुन्हा झाडावर चढतो.

यंदा एकाच मादीवर पिशव्या आहेत. बोंडे पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतील. सुरूचे झाड तोडले की बुंध्यातून पुन्हा धड फुटतही नाही.

आज सकाळी होळीसाठी मुंबईहून वाडीत आलेली पोरे नेमकी तिच्याखाली जाऊन उभी राहिली. पुढे मुरारीचा मुलगा भरत. मुरारी नको म्हणाला.

"बाबा, जाळायलाच वाढवलंय ना? मग आमी जाळतो."

"जाळायच्या त्या हिच्या पोरी. ही नाय."

पोरे हसली. भावकीतला जानू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "दुसरं झाड घेतो आमी. पण मग कुऱ्हाड हिकडं दे, मुरारी. मान बी तिच्यासंगं."

मुरारीने कुऱ्हाड दिली. पोरे ओढ्याकडची सावर तोडायला गेली. भरतही गेला, मागे न बघता.

हे त्याने ओट्यावर बसून सांगितले. मध्ये दोनदा पाणी मागितले. एका झाडापायी घराण्याचा मान घालवलास, असे माझ्या तोंडून निघून गेले.

"आता मला पन तसंच वाटतंय, वैनी," तो म्हणाला. "देताना नाय वाटलं."

बी चांगले निघेल की नाही, मला ठाऊक नाही. त्यालाही नाही. रघुवीर असते तर निदान चांगलेच निघेल, असे बोलून दाखवले असते. आम्ही दोघेही थकलो आहोत.

उन्हे उतरली. गल्लीत मुलांनी लाकडे रचायला घेतली. शेवटची गाडी चुकेल, असे मी त्याला म्हटले.

"आज हितंच ऱ्हाऊ का?"

मुरारीला ओटीवर अंथरूण दिले. पोळ्या पाच उरल्या.