सुमनच्या मनगटावरची सूज

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून सांगावंसं वाटलेलं — नाही सांगितलं. तुम्हाला का सांगतोय? खरंच कळत नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी नवा डॉक्टर, कल्याणला एका नावाजलेल्या दवाखान्यात मदतनीस. तिथल्या डॉक्टरांना सगळे ‘मोठे डॉक्टर’ म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण माझं एक निदान चुकलं, तेव्हा भरल्या दवाखान्यात ते म्हणाले होते, “कुणी पास केलं रे तुला?” पेशंट हसले. तेव्हापासून त्यांची चाहूल लागली, की माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. हसण्यासारखं आहे ना? मोठा माणूस मी!

डोंबिवलीची एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. सुमन, सात वर्षांची. उजवा घोटा सुजलेला. मोठे डॉक्टर यायचे होते, म्हणून मीच तपासायला घेतलं.

“सकाळी पाय लाकडाचा असतो,” ती म्हणाली. “दुपारी परत माझा होतो.”

मी टाचेमागून बोट फिरवलं. तिथे जाड दोरीसारखी कंडरा असते — ती जाडसर लागली, कोमट. टाचेच्या हाडाला चिकटते तिथे दाबलं, तर पोरीने श्वास रोखला. मग — का कोण जाणे — मी तिचे हात बघितले. डाव्या मनगटाच्या मागे मऊ फुगवटा होता. “बोटं हलव गं,” म्हटलं. बोटांबरोबर तो फुगवटाही सरकला. सांधा नव्हे, कंडरेभोवतीचं आवरण सुजलेलं. माझ्या बोटाखाली बारीक करकर लागली, ओल्या चामड्यासारखी.

एका घोट्याचा रोग असता, तर मनगटात काय करत होता? लहान मुलांचा संधिवात होता तो. मला कळलं होतं. हो — कळलं होतं.

मोठे डॉक्टर आले. घोटा पाहिला. आजोबांना क्षय झालेला, हे ऐकलं आणि म्हणाले, “हाडाचा क्षय. प्लास्टर घाला.” मनगट त्यांनी पाहिलंच नाही.

‘सर, एकदा हात बघा’ — एवढंच म्हणायचं होतं. नोकरी गेली नसती. ओरडले असते, बस्स. मी प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात भिजवायला घेतल्या. त्या पोरीच्या पायाला माझ्याच हातांनी गुंडाळल्या.

दारात आईने मला थांबवलं. “डॉक्टर, तुम्ही किती वेळ तिचं मनगट बघत होतात. काही आहे का तिथे?”

“नाही,” मी म्हणालो. “काही नाही.”

पुढचे कित्येक महिने मी भीतीत काढले. त्या दोघी तपासणीला आल्या, की मी मागच्या खोलीत औषधं घोटत बसायचो. कशाची भीती होती? सुमनच्या दुखण्याची नव्हे — माझं बिंग फुटण्याची. तेव्हाही माझीच काळजी.

प्लास्टर काढलं तेव्हा घोटा आखडून बसला होता. जो पाय रोज थोडाथोडा हलवत ठेवायला हवा होता, तो आम्ही बांधून ठेवला होता. आणि आता दोन्ही मनगटं सुजली होती, बोटं जाड झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी ती न्याहाळली. “संधिवात आहे हा,” म्हणाले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. कशाला पाहतील?

आई बाहेर टांगा बघायला गेली. मोठे डॉक्टर हात धूत होते. सुमनने मला हळूच जवळ बोलावलं.

“काका, आईला सांगू नका. प्लास्टरमध्ये मी अंगठा हलवायची. लपून. म्हणून पाय असा झाला ना?”

मी कात्री पुसत होतो. नाही गं, तुझी काही चूक नाही — एवढं सांगायला मोठं धैर्य लागत नव्हतं. पण मोठ्या डॉक्टरांनी नळ बंद केला होता, खोलीत शांतता झाली होती.

मी कात्री पुसत राहिलो. तिने मान खाली घातली. आई आली आणि तिला उचलून घेऊन गेली.