गुंडाळीतले ढग

बहात्तर साली आमच्या गावावर रोज ढग येत होते, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. दुष्काळ म्हटला की लोकांना रिकामं आभाळ आठवतं. पण बेलापूरच्या पुढं, प्रवरेच्या काठी, त्या श्रावणात दुपारी काळे गच्च ढग जमत. खालून सपाट, वर कडब्याच्या गंजीसारखे रचलेले. नदीच्या कोरड्या वाळूवर सावली धरून ते उभे राहत आणि दिवस मावळायच्या आत विरून जात. थेंब पडत नसे.

मी तेव्हा नगरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. भिंगारच्या खोलीत राहून मी नक्की काय शिकतो, हे घरी कोणाला सांगता येत नसे. मलाही नीट सांगता येत नसे. फोटोची आवड असलेले आमचे एक सर होते. त्यांनी मला आपला डबा कॅमेरा, एक फिल्म आणि एक पिवळी काच दिली. काच भिंगापुढं धरली की आभाळ गडद येतं आणि ढग पांढरे उठून दिसतात. दिवाळीआधी कॉलेजात प्रदर्शन होतं.

"एक जरी धड आला, तरी भिंतीवर तुझ्या नावानं लावू," सर म्हणाले.

माझं नाव तोवर फक्त हजेरीत येत होतं. मी गावी गेलो आणि नदीतल्या खडकावर बसून, एकेका ढगाची वाट बघत, आठवडाभरात ती फिल्म संपवली.

शेवटच्या दुपारी परतताना पारावरून तात्यांनी हाक मारली. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"काय रं कालेजकर, रोज आभाळाकडं डबा धरून काय करतोस?"

"ढगांचे फोटो काढतो, तात्या."

"का? गावातली मान्सं संपली व्हय?"

पारावरचे सगळे हसले. मीही हसलो. मग तात्या सगळ्यांकडं वळून म्हणाले, "रोज ह्यो डबा धरतोय आन् रोज ढग जात्यात. ध्यानात आलं का कुनाच्या?"

आता कोणी हसत नव्हतं. मी घाईघाईनं सांगू लागलो की कॅमेऱ्यात ढग जात नाहीत, नुसता उजेड जातो.

"उजेड बी न्हेतोय म्हना की!" कोणीतरी मागून म्हणालं.

"डबा उघड," तात्या म्हणाले. "सोड त्यांना."

माझे वडील पाराच्या कडेला उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी खाली बघूनच म्हटलं, "उघड बाबा. जाऊ दे."

मी डबा उघडला. तात्यांनी आत बोट घातलं. "ही गुंडाळी हाय न्हवं? उलगड समदी. आत दडून बसले आसतील."

दोघांनी दोन टोकं धरली. भर उन्हात माझा आठवडा लांबच्या लांब उलगडला आणि उजेड लागून वाया गेला. मग एकानं ती पट्टी लिंबाच्या फांदीला बांधली, वाऱ्यावर ढग मोकळे व्हावेत म्हणून. त्या दिवशीही पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तर ढगच आले नाहीत. त्याचा जाब तात्यांना कोणी विचारला नाही.

सर रागावले नाहीत. उन्हानं खाल्लेली पट्टी हातात घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." भिंतीवरची माझी जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. त्यानं घरच्या कुत्र्याचा फोटो लावला. मी त्या कुत्र्यापुढं उभा राहिलो आणि तात्यांना काही तरी परत द्यायचं, एवढं मनात पक्कं केलं. काय, ते माहीत नव्हतं. बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती, पण विसरायचीही तयारी नव्हती.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पोळ्याला मी सरांचा डबा घेऊन गावी गेलो तेव्हा प्रवरा दोन्ही थड्या भरून, तांबडी होऊन चालली होती. तात्यांनी स्वतः मला बोलावलं.

"कालेजकर, डबा आनलाय न्हवं? माझा आन् ह्याचा एक काढ. मोठा करून आन. चौकट करून काच बसवतो."

'ह्याचा' म्हणजे त्यांच्या बैलाचा. जोडीतला दुसरा दुष्काळात गुरांच्या छावणीत मेला होता; हा तेवढा वाचला. तात्यांनी त्याची शिंगं रंगवली होती, टोकांना गोंडे बांधले होते, अंगावर झूल घातली होती. स्वतः कोरा फेटा बांधून ते काठावर उभे राहिले. सगळा पार बघायला आला होता.

आणि त्यांच्या मागं आभाळ उठलं. पूर्वेकडून काळी भिंत चढत होती, पश्चिमेचं ऊन तिच्या अंगावर पडलं होतं आणि खाली नदी पेटल्यासारखी दिसत होती. तसं आभाळ मी परत पाहिलेलं नाही.

"तात्या, हलू नका. बैलालाही हलू देऊ नका."

मी पिवळी काच धरली आणि डबा हळूहळू वर केला. चौकटीत तात्यांचा फेटा खाली खाली बुडत गेला आणि नाहीसा झाला. मी खटका दाबला. सगळी फिल्म मी त्या आभाळावर घातली. दर वेळी तात्या छाती काढून ताठ होत होते.

मी फोटो घेऊन परत येईपर्यंत त्यांनी सुताराकडून चौकट करून घेतली होती. मी फोटो पारावरच दिला, त्याच माणसांपुढं. तात्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"मी कुठाय ह्याच्यात? आन् बैल?"

खालच्या कडेला शिंगाचं टोक आणि एक गोंडा होता. मी बोट ठेवून तेवढं दाखवलं. वाक्य खटका दाबला तेव्हापासूनच तयार होतं.

"तुम्हाला सोडून दिलं, तात्या."

मग मागून एकजण फिसकन हसला, आणि सगळा पार हसला. वडील हसले नाहीत. घरी जाताना मात्र त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पोटाशी धरून चालले.

त्या फोटोची दुसरी प्रत कॉलेजात लागली, खाली माझ्या नावानं. खालचं काळं टोक कसलं, असं बरेचजण विचारत. मी झाडाचं म्हणून सांगत असे.

दुसऱ्या उन्हाळ्यात तात्यांचा बैल गेला. ते एकटेच आमच्या दाराशी आले.

"त्या फिल्मीत एखादा तरी आसंल की रं आमचा?"

"नाही, तात्या."

खरंच नव्हता. ते आले तसे माघारी गेले. पुढं वडिलांकडून कळलं की सुतारानं केलेल्या त्या चौकटीत तात्यांनी अखेर तोच फोटो बसवला, शिंगाच्या टोकासाठी. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या रात्री मला फार चांगली झोप लागली. त्यांच्या सोप्यातल्या भिंतीवर, काचेआड, माझेच ढग होते. आणि शिंग हवं असेल तोवर तात्यांना ते सोडता येणार नव्हते.