लाइन एंगेज होती

समस्त भोरकरांना अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, आज सकाळी आमच्या घरातून टेलिफोनची जुनी तार काढून फायबर बसवण्यात आलं. अंत्ययात्रेला मी एकटाच हजर होतो. मुलगी परदेशात, तिची आई तिच्या बाळंतपणाला.

तार गुंडाळताना तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मी थेट माझ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या इंटरनेट कॅफेत पोचलो. कॅफे कसला! एक कॉम्प्युटर, एक फोन आणि दोघांत मिळून तार एकच. मोडेम कंपनीचा नंबर फिरवायचा, किंचाळायचा, खाकरायचा. नेट लागलं की फोन मुका. गिऱ्हाईक क्वचितच. दुपारभर मी आणि पंखा.

एकदा शेजारच्या जैबूनचाची आल्या. त्यांचा सलीम आखातात, महिनाभर त्याचा आवाज नाही. फोनसाठी त्याने माझाच नंबर नेलेला.

"बघ रं, त्याचं काय पत्र आलंय का."

मी ऐटीत नेट जोडलं. पान मुंगीच्या पावलांनी उतरत होतं. चाची पदर मुठीत धरून बसल्या. अखेर ताजं पत्र उघडलं: 'अम्मीला सांग, मघापासून फोन लावतोय, लाइन एंगेज येतेय. ड्यूटीची गाडी येईपर्यंत लावत राहतो.'

"एंगेज कशानं?"

"आपण त्याचं पत्र शोधतोय ना चाची, त्यानंच."

त्या ताडकन उठल्या. तेव्हा मला हसू आलं होतं. आता माझी लाइन दिवसभर मोकळी असते, आणि ती घाई कळते.

"आरं मग तोड की मेल्या ते! माझं पोरगं दारात उभं हाय!"