कौसाबाईचं अर्धं रान

आमच्या कामात वर्षाअखेर दोनच गोष्टी साठतात, कोळसा आणि किस्से. कोळसा मातीत जातो, किस्से चहाला उरतात. मी लातूरचा; लोह्याजवळच्या एका गावात संस्थेतर्फे ‘बायोचार’ शिकवतो. म्हणजे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ड्रममध्ये कमी हवेत जाळायच्या आणि तो कोळसा रानात मिसळायचा. ओल टिकते, पीक सुधारतं.

पहिल्याच मीटिंगला दिगंबरमामा म्हणाले, “सर, लोकं हात काळे होऊ नयेत म्हणून शिकतेत. तुम्ही शिकून काळे केले!”

सगळी बैठक हसली. मीही हसलो, करतो काय!

*

पऱ्हाट्या दिल्या एकट्या कौसाबाईनं. तिचं रान मामांच्या रानाला लागून. कोळशाचं पहिलं पोतं तिच्या घरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं फक्कड चहा पाजला.

“मावशी, चुलीवरचा का?”

“हाव. तुमचा कोळसा लई झकास पेटतो!”

*

कोळसा कोरडाच टाकला तर पिकाचं खत आधी तोच शोषतो. म्हणून शेणकाल्यात पंधरा दिवस भिजवायचा. हे मी चार्ट लावून अर्धा तास सांगितलं.

कौसाबाई म्हणाली, “म्हंजे त्याला उपाशी रानात धाडायचं न्हाई. येवढंच ना?”

चार्ट गुंडाळला.

*

मग तिच्या सोयाबीनचा प्लॉट. अर्ध्यात कोळसा, अर्धा तसाच, म्हणजे फरक दिसेल. संस्थेचे मोठे साहेब बघून रिपोर्ट लिहिणार. रिपोर्ट बरा आला तर ड्रम गावात राहणार, नाहीतर संस्थेच्या मुरुडच्या केंद्रात रवाना. कौसाबाई रोज विचारायची, “साहेब कधी येऊन राहिले?”

*

साहेब आले. मधोमध खुंटी. इकडं सोयाबीन मांडीएवढं, तिकडंही मांडीएवढंच!

“फरक कुठंय?” साहेबांनी पेन खिशाला लावलं. मी कौसाबाईकडं वळलो.

“मावशी, त्या अर्ध्यात काय टाकलं?”

“कोळसाच की! एका लेकराला वाढायचं अन् दुसऱ्याला नुसतं ताटावर बसवायचं? माझ्याच्यानं न्हाई झालं, सर.” तिचे डोळे भरले. “आता ड्रम नेतेत का?”

साहेब धुऱ्यापलीकडं, शेजारच्या रानात बघत होते. तिथलं सोयाबीन पिवळट, गुडघ्याच्याही खाली.

“हे कुणाचं?”

दिगंबरमामा टोपी सावरत पुढं आले.

“माझं. पेरा एकाच दिवशीचा, बियाणंबी एकच. म्या मुद्दामच कोळसा टाकला न्हाई, साहेब. फरक दिसाया पायजे ना! माझंबी नाव लिवा रिपोर्टात.”