आक्कांच्या खिडकीखालचा गोठा

मला वास येत नाही. कोरोनात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. रोज सकाळी लवंग, कापूर, लिंबाची साल असं एकेक नाकाशी धरून बसायची. पुढेपुढे कापराचा गारवा तेवढा कळायला लागला, वास नाही. मग ते सोडून दिलं. भाजी करपली तर धूर दिसल्यावर कळतं, दूध नासलं तर फाटल्यावर. गोठ्यात राबणाऱ्या बाईला वास न येणं चांगलंच की, अशी चेष्टा गावातल्या बाया करायच्या. मीही हसायची.

आमचं गाव कडेगावच्या बाजूचं. हे फौजेतून रिटायर होऊन आले आणि त्यांनी जर्सी गाई घेतल्या. गोठा रानातच घालायचा होता, पण रान कालव्यापलीकडं, चारी बाजूंनी ऊस, आणि त्या उसात बिबट्या. शेजारच्या वस्तीवरची कालवड त्यानं दावणीवरनं ओढून नेली, तेव्हा रानाचा विचार सुटला. मग आमच्या आणि थोरल्या दिरांच्या घरांमध्ये जे परडं होतं, तिथंच पत्रा पडला. गोठ्याची मागची भिंत थेट माझ्या थोरल्या जावेच्या खोलीच्या खिडकीखाली आली.

जावेला मी आक्का म्हणायची. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत, घरात ही दोघंच नवरा-बायको. आक्का मोठ्या आवाजाच्या आणि खाण्याच्या शौकीन. त्यांनी कांदा-लसणाची चटणी कुटायला घेतली की अख्खी गल्ली शिंकायची. माझं माहेर माण तालुक्याकडचं, दुष्काळी. लग्न होऊन आले तेव्हा मला चार पदार्थ धड येत नव्हते, सगळं त्यांच्या चुलीपुढं बसून शिकले. गोठा झाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, खिडकीतनं दूध मागता येईल." वासाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

मग त्यांना गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. मिरजेला नेऊन ऑपरेशन झालं, केमो सुरू झाले. केस गेले, पण त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. डोक्याला रुमाल बांधून बसायच्या. त्यांना खचवलं ते उलट्यांनी. एकदा मी नाचणीची आंबील घेऊन गेले, तर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं आंबील नको असेल.

"आंबील न्हवं गं," त्या म्हणाल्या, "गोठ्याचा वास. इतकी वर्सं कवा जाणवला न्हाई. आता कुणी नाकात सुरी घातल्यागत हुतंय."

"आवं, मग आधी सांगायचं न्हाई का आक्का?"

"तुला येतोय व्हय वास, सांगून समजायला?" असं म्हणून त्या हसायला गेल्या आणि तेवढ्यानंच त्यांना उमासा आला.

खिडकी लावली तर खोली भट्टीसारखी तापायची. एप्रिल होता. उघडी ठेवली तर वास. दीर दिवसभर खिडकीशी उभे असायचे, एकदा लावायची, एकदा उघडायची. मी ह्यांना म्हटलं, गाई दुसरीकडं हलवा. ह्यांनी हलवल्याही, गावाबाहेरच्या पडक्या खोपटात. पण तिथं पाणी नाही, रात्री राखायला माणूस नाही, दोन दिवसांत दूध आटायला लागलं. गाई परत आल्या.

तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी ही जिवाणूंची गोष्ट सांगितली. गाय तपासायला आले होते. मी त्यांना चहा देताना आक्कांचं सांगितलं. ते म्हणाले, विट्याकडं कोंबड्यांचे शेडवाले जिवाणूंचं पाणी वापरतात. शेण आणि मूत एकत्र ओलं साचून, हवा न लागता सडतं, त्याचा तो वास. सडवणारे जिवाणू वेगळे. दुधाचं दही करणाऱ्या जातीचे जिवाणू जर त्यांच्या आधी शेणात पोचले, तर सडायला काही शिल्लकच राहत नाही. "विरजण लावता ना वहिनी? तसंच. शेणाला विरजण लावायचं."

मला ते लगेच पटलं. विरजण लावणं मला येत होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी तपकिरी पाण्याची एक बाटली आणली. मोठ्या प्लास्टिकच्या डरममध्ये पाणी, त्यात गूळ विरघळवायचा, बाटली ओतायची, झाकण लावायचं आणि रोज एकदा उघडून आतली हवा जाऊ द्यायची. आठवड्याभरानं तयार. ते पातळ करून गोठ्यात शिंपडायचं, शेणाच्या खड्ड्यात ओतायचं.

पहिला डरम फुकट गेला. मी रोज झाकण उघडत होते, वर फेस दिसत होता, मला वाटलं झालं. ह्यांनी वाकून बघितलं आणि एकदम मागं सरले. "अगं, हे तर सडलंय!" मी नळाचं पाणी घातलं होतं आणि नळाच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते. आपण पितो ते पाणी त्या जिवाणूंना विष. दुसऱ्या वेळी विहिरीचं पाणी आणलं. पण हा डरम चांगला झाला की वाईट, ते मला कसं कळणार? हे तर दिवसभर रानात.

आक्कांनी खिडकीतनं सगळं बघितलं होतं. एका सकाळी भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. मी नको नको म्हणत होते.

"उघड झाकण," त्या म्हणाल्या. "तुला नाक न्हाई, मला नको एवढं हाय. मी सांगती."

त्या वाकल्या. मी त्यांना दंडाला धरलं होतं, दंड म्हणजे नुसतं हाड. मला भीती की आता ओकतील. त्यांनी डोळे मिटले, हळूच श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "ताकागत हाय. जरासा गूळ आंबल्यागत. चांगला हाय गं."

त्यानंतर तो आमचा रोजचा कार्यक्रमच झाला. मी गोठा झाडून कोरडा करायची, खाली उसाचं पाचट बारीक करून पसरायची, वरनं झारीनं ते पाणी शिंपडायची, मग खड्ड्यात बादली ओतायची. आणि खिडकीकडं बघून विचारायची, "आक्का, आज?" पहिले काही दिवस त्या नुसती मान हलवायच्या. मग म्हणाल्या, "कालच्यापरीस कमी हाय." मग एक दिवस म्हणाल्या, "शेणाचा येतोय, पर सारवल्यावर येतो तसा. त्येचं काय न्हाई."

पावसाच्या तोंडाला त्यांची खिडकी दिवसभर उघडी राहायला लागली. दोन केमोंच्या मधल्या बऱ्या दिवसांत त्यांनी पिठलं-भाकरी मागितली. मी केलं, चवीचा मला अंदाज नव्हताच. त्या खिडकीत बसून खात होत्या आणि खालनं मी बघत होते. अर्धी भाकरी संपली. "मीठ कमी पडलंय," म्हणाल्या. दीर दाराआड उभे होते, त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. वर्षभरातला तेवढाच एक दिवस मला चांगला आठवतो.

मग गुरांचा लम्पी रोग आला. आधी ऐकत होतो, त्या गावात आला, ह्या गावात आला. एके सकाळी आमच्या कपिली गाईच्या अंगावर गाठी दिसल्या. डॉक्टर आले, सगळ्या गाईंना सुया झाल्या. ग्रामपंचायतीनं गल्लीगल्लीत औषध फवारलं, आणि ह्यांनी रोज दोन वेळा गोठा फिनेलनं आणि चुन्यानं धुवायला सुरुवात केली. फौजेतला माणूस, एकदा स्वच्छ करायचं ठरवलं की कोपरासुद्धा सोडणार नाही. ते सगळं पाणी उतारानं शेणाच्या खड्ड्यात जायचं.

मी डॉक्टरांना विचारलं, "त्या जिवाणूंचं काय हो?"

ते म्हणाले, "वहिनी, औषध चांगला-वाईट बघत नाही. आत्ता गाई वाचवू."

ते बरोबरच होतं. तरी मी माझं काम चालू ठेवलं. डरम ढवळायची, शिंपडायची, खड्ड्यात ओतायची. कपिली गेली, तिच्या मागं तिची पाडी गेली. जेसीबीनं खड्डा काढून रानाच्या कडेला पुरल्या. मी रडत यायची, तशीच झारी उचलायची, आणि खिडकीकडं बघून विचारायची, "आक्का, आज कसं हाय?"

"बरं हाय," त्या म्हणायच्या.

खिडकी उघडी होती. मला त्यात समाधान होतं. सगळं हातातनं चाललं होतं, पण एवढं एक काम मी धरून ठेवलंय असं वाटायचं.

पुढं कधीतरी दुधाची किटली न्यायला येणारा माणूस दारातच थांबला. तोंडाला रुमाल. म्हणाला, "वैनी, लय घाण सुटलीया वं. कोपऱ्यावरच्या चौकापतोर येतीय. खड्डा बघा एकदा."

मी गेले आणि काठीनं खड्ड्यावरची साय फोडली. खाली काळं पाणी, त्यातनं बुडबुडे येत होते. डोळे चुरचुरायला लागले. नाकानं सांगितलं नाही ते डोळ्यांनी सांगितलं. फिनेलनं दह्याच्या जातीचे जिवाणू कधीच मारून टाकले होते, तळाचे सडवणारे तेवढे उरले होते. मी मेलेल्या खड्ड्यात बादल्या ओतत होते.

तशीच आक्कांच्या खोलीत गेले. त्या पडून होत्या. नाकावर निलगिरीच्या तेलात भिजवलेली कापडाची घडी, आणि कॉटखाली झाकलेलं घमेलं. मी आत येताना बघून दिरांनी ते पायानं मागं सारायचा प्रयत्न केला.

"आक्का, तुमाला वास येत न्हवता?"

त्यांनी नाकावरची घडी दाबून धरली. मी परत विचारलं.

"येतोय की," त्या म्हणाल्या. "फिनेल सुरू झालं तवापास्नंच येतोय."

"मग खिडकी कशाला उघडी ठेवली वं?"

"लावली असती तर तुला कळलं असतं." त्यांना श्वास पुरत नव्हता. "गाई मराय लागल्यात. तू रडत येतीस आन् परत त्यो डरम ढवळतीस. तुला आनी काय सांगू मी?"

दीर खाली बघत होते. ते रोज उलट्यांचं घमेलं मागच्या दारानं नेऊन ओतत होते, हे मला तेव्हा कळलं. मी खिडकी लावली. आक्कांनी डोळे मिटून घेतले आणि घडी बाजूला काढून ठेवली.

ह्यांनी त्याच दिवशी ट्रॅक्टर बोलावून खड्डा उपसला. फिनेल बंद केलं, कारण आता आजारी गाय उरली नव्हती. मी विहिरीचं पाणी आणून नवा डरम लावला. डॉक्टरांनी नवी बाटली दिली. पण विरजणाला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. डरम अजून आंबत होता तेव्हा आक्कांच्या पोटात पाणी झालं आणि त्यांना मिरजेला न्यावं लागलं. गाडीत बसवताना त्यांनी माझा हात धरला होता. काही बोलायचं होतं की नुसता आधार हवा होता, मला सांगता येत नाही. गाडी सुटताना हात सुटला.

आक्का परत आल्या त्या रुग्णवाहिकेतनं, पांढऱ्या कापडात. मुलगा पुण्याहून आला. अंगण माणसांनी भरलं. तोपर्यंत नवं पाणी शिंपडून झालं होतं, खड्डाही ताजा होता. बायांत बसलेली एक लांबची पाहुणी दुसरीला हळू म्हणाली, "एवढा गोठा हाय, पर वास कसा न्हाई बगा." मला ते ऐकू आलं. मी उठून चुलीकडं गेले. तिथं करण्यासारखं काही नव्हतं, चूल पेटवायची नव्हती त्या दिवशी. नुसती उभी राहिले.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी डरमकडं फिरकले नाही. आत वायू कोंडून झाकण फुगलं, मग ते उडालं. ह्यांनी डरम लोटत नेऊन सगळं उसात ओतलं. मला विचारलं नाही. राहिलेल्या गाई फलटणकडच्या एका माणसाला दिल्या. आता हे साखर कारखान्यावर सिक्युरिटीत आहेत, सकाळी डबा घेऊन जातात.

मुलगा दिरांना पुण्याला चला म्हणतो. ते जात नाहीत. जेवायला आमच्याकडं येतात, खाली मान घालून जेवतात, ताट धुऊन ठेवतात. मग परड्यात, पत्र्याखाली, मोकळ्या दावणीवर बसून राहतात. मी कधी चहा घेऊन जाते. ते कप घेतात, मी तिथंच थोडी टेकते. चहा संपला की कप घेऊन मी घरात येते.